जुन्या विंचेस्टरची नळी: बदलायची का, आणि बदलायचीच तर कशी

माझ्या हातून आजवर दोन जुन्या विंचेस्टर ९४ गेल्या, म्हणजे चापाजवळचा लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायच्या अमेरिकन रायफली. दोन्ही कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या, दोन्ही थर्टी-थर्टी काडतुसाच्या, दोन्ही पहिल्या महायुद्धानंतरच्या. पेन्सिल्व्हेनियात आमच्या भागात अशी रायफल जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या कपाटात सापडते. आजोबांनी हरणाच्या शिकारीसाठी घेतलेली, नंतर कोणी न वापरलेली. दोन्ही रायफलींच्या नळीत डोकावून पाहणाऱ्या प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: नळी बदलून टाका.

पहिलीची नळी मी बदलली नाही. सहा संध्याकाळी ती साफ करत बसलो आणि शेवटी तिने शंभर यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात टाकल्या. उघड्या माशीच्या, म्हणजे दुर्बिणीशिवाय साध्या खुणेवर नेम धरायच्या, हरणाच्या रायफलीकडून याहून जास्त मागू नये. दुसरीची नळी मात्र मधोमध फुगलेली होती. तिथे इलाज नव्हता.

पिंपरीच्या टूलरूममध्ये मी बरीच वर्षं काढली. तिथे एक गोष्ट अंगात भिनली: मोजल्याशिवाय कापायचं नाही. नळीच्या बाबतीत ही शिस्त दुप्पट पाळावी लागते, कारण जुन्या रायफलीची अर्धी ओळख नळीच्या बाहेरच्या अंगावर असते. कंपनीचा पत्ता, काडतुसाचं नाव, चाचणीचा शिक्का, शंभर वर्षांच्या हातांनी झिजलेला रंग, सगळं तिथेच. नळी उतरली की ते सगळं उतरतं. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग नळी न बदलण्याबद्दल आहे.

आधी कायदा, थोडक्यात

मी लिहितोय ते अमेरिकेतल्या परिस्थितीबद्दल. तिथे केंद्रीय कायद्याच्या नजरेत रायफल म्हणजे रिसीव्हर, म्हणजे यंत्रणेचा नंबर असलेला मधला पोलादी सांगाडा. सुटी नळी म्हणजे सुटा भाग, त्यामुळे ती विकत घेता येते. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते आधी बघावेत. एक मर्यादा कुठेच विसरायची नाही: रायफलीची नळी १६ इंचांहून आणि एकूण लांबी २६ इंचांहून कमी होता कामा नये. झाली तर ती वेगळ्या, फार कडक नोंदणीखाली जाते. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या रायफलींना केंद्रीय कायद्यात पुराणवस्तूचा दर्जा आहे, म्हणून सालाची खात्री आधी करून घ्यावी.

महाराष्ट्रात वडिलोपार्जित, परवान्यावरची रायफल असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्तीसुद्धा दुरुस्तीचा परवाना असणाऱ्याचंच काम आहे. नळी आखूड करण्यावर कलम ६ मध्ये वेगळं बंधन आहे. तिथल्या वाचकांनी साफसफाई आणि पाहणी यापुढे स्वतः जाऊ नये. त्यापुढचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं.

रायफल रिकामी आहे याची तीनदा खात्री

विंचेस्टर ९४ मध्ये काडतुसं नळीखालच्या लांब पुंगळीत एकामागे एक झोपलेली असतात. जुनी स्प्रिंग दमलेली असते. पुंगळीत मळ साचलेला असतो. त्यामुळे लिव्हर चार वेळा हलवून काही बाहेर आलं नाही, एवढ्यावरून पुंगळी रिकामी आहे असं धरू नका. रायफल सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर पूर्ण खाली ओढा, मग टॉर्चच्या उजेडात पुंगळीच्या तोंडाशी स्प्रिंगवरची टोपी दिसते का ते बघा. टोपी दिसली नाही तर आत काहीतरी अडकलं आहे. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या कोठडीत, करंगळी घालून बघा.

तिसरी खात्री लाकडी काठीने. लिव्हर बंद करून, तोंडाकडून एक सरळ गोल काठी आत सोडा आणि ती थांबली की नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. मग ती खूण तोंडाशी ठेवून काठी बाहेरून नळीला लावून धरा. तिचं टोक बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागे टेकणाऱ्या पोलादी दांड्याच्या, चेहऱ्यापर्यंत पोचायला हवं. अलीकडेच थांबत असेल तर नळीत काहीतरी आहे. अशी अडकलेली गोळी कोणाच्या लक्षात न येता दुसरी गोळी झाडली गेली, की नळी फुगते. माझ्या दुसऱ्या रायफलीचं बहुधा हेच झालं असावं.

रायफल ओळखा, आणि तिला घासू नका

हे मॉडेल जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी आखलं आणि कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात १८९४ मध्ये ते बनू लागलं. सुरुवातीला ते थर्टी-टू-फॉर्टी आणि थर्टी-एट-फिफ्टीफाइव्ह या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होतं. १८९५ मध्ये निकेल पोलादाची नळी आली, आणि तिच्याबरोबर बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी. एकूण ७० लाखांहून जास्त नग बनले. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, आता हे मॉडेल जपानमध्ये बनतं.

नंबर रिसीव्हरच्या पुढच्या भागात खालच्या बाजूला असतो. १९०५ पासून कंपनीने नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात डब्ल्यू-पी असा चाचणीचा शिक्का मारायला सुरुवात केली. दोन्ही ठिकाणचे शिक्के एकाच वयाचे, सारख्याच झिजलेले दिसतात का ते भिंगाखाली बघा. रिसीव्हरवरचा शिक्का पुसट आणि नळीवरचा कोरा करकरीत असेल, तर नळी कोणीतरी आधीच बदललेली असण्याची शक्यता आहे. मग मूळ नळी जपण्याचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीच्या नंबरांच्या कारखान्याच्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. फी भरून त्यातली नोंद पत्राने मागवता येते. लांबी, काडतूस, गोल नळी की अष्टकोनी, असं पुष्कळ त्यात सापडतं. नळी बदलण्याआधी हे पत्र मागवलेलं बरं.

प्रत्येक बाजूचे फोटो काढा. गंज दिसला तरी पॉलिश पेपर हातात घेऊ नका. लाल गंजावर बारीक पोलादी लोकर आणि तेल, हलक्या हाताने, एवढंच.

साफसफाई: बहुतेक ‘मेलेल्या’ नळ्या इथेच जिवंत होतात

त्या काळातल्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्यातून मीठ उरतं, आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचंच भावंड. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पोलाद खातं. तेलाने मीठ विरघळत नाही. ते पाण्यानेच जातं. कित्येक मालकांनी इमानदारीने तेल लावलं आणि त्या तेलाखाली नळी खात राहिली. म्हणून पहिली धुलाई गरम पाण्याची. चिंधी गरम पाण्यात भिजवून, पिळून आत फिरवायची, चार-पाच वेळा, लगेच कोरडी करायची.

आता या रायफलीची एक खास अडचण. हिचा रिसीव्हर मागून बंद असल्यामुळे गज मागून घालता येत नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो. मार्लिन ३३६ मध्ये लिव्हरचा स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून गज जातो. विंचेस्टरवाल्यांच्या नशिबात ते सुख नाही. शंभर वर्षं वेगवेगळ्या लोकांनी पोलादी गज तोंडाच्या कडेला घासत आत-बाहेर केला, त्यामुळे बऱ्याच नळ्या तोंडाशीच झिजतात. आत दोन फूट ठणठणीत आणि शेवटचा अर्धा इंच उकललेला, असं फार वेळा दिसतं. तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लास्टिकची मार्गदर्शक टोपी घ्या, नाहीतर दोरीची सफाई वापरा. ती चेंबरकडून टाकून तोंडाकडून ओढता येते.

मग क्रम असा. कार्बनसाठी सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबा. नायलॉनच्या ब्रशने दहा फेऱ्या मारा, चिंध्या फिरवा. काळं यायचं थांबलं की तांबं काढणारं सॉल्व्हंट. चिंधी निळी-हिरवी निघाली तर आत गोळीच्या आवरणाचं तांबं आहे. इथे कांस्याचा ब्रश वापरला तर ब्रशचंच तांबं विरघळतं आणि चिंधी कायम निळीच निघते, माणूस फसतो. अमोनियावालं सॉल्व्हंट डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त आत ठेवू नका. सगळं काम तोंड खाली झुकवून करा, नाहीतर घाण यंत्रणेत उतरते. रात्रभर थांबा, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. माझ्या पहिल्या रायफलीत चौथ्या दिवशी तांब्याच्या खाली पुन्हा काळा थर लागला, आणि त्याखाली पुन्हा तांबं. म्हणून घाई करायची नाही.

उजेड घालून बघा

साफ नळीत चेंबरकडून छोटा दिवा ठेवून तोंडाकडून बघा. नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळत्या खाचा, टोकापर्यंत सलग दिसायला हव्यात. खड्डे दिसतील, दिसू देत. खाचांच्या तळात बारीक खड्डे असलेली नळी चांगली मारू शकते. वाईट खूण म्हणजे एक पूर्ण गोल काळी सावली, अंगठीसारखी. ती फुगवटा सांगते. खात्रीसाठी बाहेरून नळीवर डोळे मिटून दोन बोटं सावकाश फिरवा, किंवा पोलादी पट्टी लावून खालून उजेड दाखवा. फुगवटा बोटांना डोळ्यांआधी कळतो.

तोंडाची कड भिंगाखाली बघा. पीळ सगळीकडे एकाच वेळी, सारख्या धारेने संपायला हवेत. एका बाजूला खाच मोठी झालेली असेल, ठोकर बसलेली असेल, तर दोष कडेचा आहे, नळीचा नाही. एक ढोबळ परीक्षा आहे: सुटी गोळी, भरलेलं काडतूस कधीही नाही, तोंडात टोकाकडून टेकवा. ती पार खांद्यापर्यंत आत बुडत असेल तर तोंड झिजलं आहे.

शिशाचा ठसा

आता खरं माप. शुद्ध मऊ शिशाची गोळी घ्या, मासेमारीचं वजनही चालतं, मात्र ते नळीच्या खाचांपेक्षा थोडं मोठं हवं. नळीला आतून हलकं तेल लावा. शिसं तोंडावर ठेवून लाकडी हातोडीने आत ठोका, कडेभोवती शिशाचं कडं कापलं जाईल. मग पितळी गजाने ते सावकाश ढकलत चेंबरकडून बाहेर काढा. गज एकाच तुकड्याचा हवा. जोडाचा गज वाकतो आणि नळीला ओरखडतो.

ढकलताना हाताकडे लक्ष द्या. सगळीकडे सारखा विरोध जाणवला तर नळी सारखी आहे. मध्येच गज एकदम सैल पडला आणि पुन्हा घट्ट झाला, तर तिथे फुगवटा किंवा मोठी झीज आहे. कागदावर गजाची खोली लिहून ठेवा.

बाहेर आलेलं शिसं मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर इथे पुरत नाही. या नळीत सहा खाचा असतात, समोरासमोर येतात, त्यामुळे मोजणं सोपं. थर्टी-थर्टीला खाचांच्या तळाचं माप ०.३०८ इंच असायला हवं. ०.३०९ किंवा ०.३१० आलं तर घाबरू नका, त्याहून एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाड शिशाच्या गोळ्या मिळतात आणि त्या अशा नळीत छान चालतात. थर्टी-टू स्पेशलचं माप ०.३२१. त्या काडतुसाच्या नळीत पीळ १६ इंचांत एक फेरा घेतो, थर्टी-थर्टीत १२ इंचांत. अनेक नळ्यांवरचं अक्षर पुसट झालेलं असतं, तेव्हा हे माप उपयोगी पडतं.

चेंबरबद्दल शंका असेल तर त्याचाही ठसा घेता येतो. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू त्यासाठीच बनतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, पाण्याच्या वाफेवरच. चेंबरच्या थोडं पुढे चिंधीचा बुच बसवायचा, चेंबर कोरडा आणि साफ करायचा, आणि धातू ओतायचा. ओतला की तो आधी किंचित आकसतो, म्हणून सहज निघतो. साधारण तासाभराने तो चेंबरच्या मापाला येतो, तेव्हाच मोजायचं. नंतर तो हळूहळू फुगत जातो. दुसऱ्या दिवशी मोजलं तर चूक येते. यात शिसं आणि कॅडमियम आहे. थेट ज्योतीवर तापवू नका, खिडकी उघडी ठेवा, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

गोळ्या मारून बघा, पण आधी स्क्रू तपासा

पुंगळीत घालायच्या गोळ्या चपट्या टोकाच्याच हव्यात. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं आणि धक्क्याने पुंगळीतच बार होऊ शकतो. लवचीक टोकाच्या गोळ्या त्यासाठीच निघाल्या आहेत.

गोळ्या पसरत असल्या तरी लगेच नळीवर ठपका ठेवू नका. कार्बाइनमध्ये नळी, पुंगळी आणि पुढचं लाकूड दोन पट्ट्यांनी बांधलेलं असतं. पट्ट्याचा स्क्रू जास्त आवळला किंवा लाकूड फुगून नळीला ढकलू लागलं, तर तापल्यावर नळी वाकडी होते आणि गोळ्या उभ्या रांगेत जातात. तीन वेगवेगळ्या आवळणीने प्रत्येकी पाच गोळ्या मारून बघा. माशी डोव्हटेलमध्ये, म्हणजे तिच्या बैठकीच्या तिरक्या खाचेत, सैल आहे का, तेही बघा. कागदावर गोळीचं भोक आडवं, लांबट पडत असेल, तर मात्र पीळ गोळीला पकडत नाहीत हे नक्की.

मग काय करायचं

कड खराब असेल तर दुरुस्तीवाला लेथवर तोंड काही थाऊ सरळ करून नवी कड देतो. काम छोटं, फायदा मोठा. झीज आतवर गेली असेल तर तोंडाशी काही अंतर मोठं भोक पाडून पीळ आतच संपवतात. बाहेरून काही दिसत नाही, लांबी तीच राहते.

नळी आतून पार गेलेली, पण बाहेरून सुंदर असेल, तर दोन मार्ग आहेत. एक, आतलं भोक मोठं करून नवी पोलादी नळकांडी आत बसवणं. कमी दाबाच्या काडतुसांना, फॉर्टी-फोर-फॉर्टीसारख्या, हे फार शोभतं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: नळी मोठ्या काडतुसाला बोअर करणं. थर्टी-थर्टीचं कवच मुळात थर्टी-एट-फिफ्टीफाइव्हमधूनच काढलेलं आहे, त्यामुळे थर्टी-थर्टीची मेलेली नळी थर्टी-एट-फिफ्टीफाइव्ह म्हणून पुन्हा उभी राहते. बाहेरचं सगळं तसंच राहतं. फक्त नळीवर नवं नाव कोरलंच पाहिजे, नाहीतर पुढचा मालक चुकीचं काडतूस घालेल.

नळी फुगलेली, तडकलेली, बेकायदा आखूड कापलेली किंवा आधीच कोणीतरी परकी बसवलेली असेल, तर बदला.

बदलायचीच तर: आधी नळी शोधा

नवी कोरी नळी बनवून घेण्यापेक्षा त्याच काळातल्या त्याच मॉडेलची जुनी नळी मिळाली तर उत्तम. शस्त्रांच्या प्रदर्शनांत आणि सुटे भाग विकणाऱ्यांकडे त्या सापडतात. विकत घेण्याआधी पाच मापं मागा: एकूण लांबी, रिसीव्हरजवळचा व्यास, तोंडाजवळचा व्यास, डोव्हटेलच्या जागा, आणि आट्यांचा फोटो. रायफल आणि कार्बाइन यांचा फरक विसरू नका. रायफलीच्या नळीवर पुढच्या लाकडाची टोपी धरायला वेगळी डोव्हटेल असते, पुंगळीचं कडं धरायला वेगळी. कार्बाइनवर पट्टे असतात. १९६४ मध्ये कारखान्याने बांधणी बरीच बदलली, म्हणून त्याआधीच्या रिसीव्हरला त्याआधीचीच नळी शोधा.

सुटं करण्याचं काम घरी करता येतं. पोकळ घासलेल्या टोकाचे स्क्रू-ड्रायव्हर वापरा, निमुळत्या टोकाचा पेचकस स्क्रूची खाच उचकटतो. पुंगळीच्या तोंडावरच्या बुचामागे स्प्रिंग दाबलेली असते. स्क्रू काढताना अंगठा बुचावर ठेवा. पट्ट्यांचे स्क्रू पूर्ण बाहेर येईपर्यंत पट्टा ओढू नका. माशी पितळी ठोशाने डावीकडून उजवीकडे बाहेर काढतात आणि उजवीकडून डावीकडे आत घालतात. जुनी माशी कधी गंजाने धरलेली असते. तिच्या मुळाशी आदल्या रात्री तेल सोडा.

नळी आणि रिसीव्हर वेगळे करणं

इथून पुढचं काम मी स्वतः केलं नाही, लेथ चालवता येत असूनही. ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दिलं आणि शेजारी उभा राहिलो. कारण सांगतो. ही नळी उजव्या आट्यांची, शंभर वर्षं घट्ट बसलेली. रिसीव्हर दोन्ही बाजूंना पातळ आणि खालून उघडा. त्याला चुकीच्या जागी पाना लावून जोर केला तर तो पिळतो, आणि एकदा पिळला की बोल्ट सरळ चालत नाही. माझ्या रिसीव्हरवर आधीच्या कोणाच्या तरी पान्याचे दोन दात उमटलेले होते. ते पाहिलं की आजही वाईट वाटतं.

चांगला दुरुस्तीवाला काय करतो ते माहीत असलं तर प्रश्न नीट विचारता येतात. तो जोडावर भेदक तेल सोडून काही दिवस थांबतो. नळी आणि रिसीव्हरवर बारीक साक्ष-रेघ मारतो. नळी कठीण लाकडाच्या ठोकळ्यांत, राळेची पूड लावून, व्हाइसमध्ये धरतो. रिसीव्हरचा पाना त्याच आकाराच्या ठोकळ्यांनी फक्त पुढच्या, नळीच्या आट्यांवरच्या भागाला धरतो. तरी हलली नाही आणि जुनी नळी फेकायचीच असेल, तर नळी लेथवर धरून खांद्याच्या, म्हणजे रिसीव्हरला टेकणाऱ्या कडेच्या, अगदी पुढे खाच कापतो. खांद्याचा दाब सुटतो आणि नळी हाताने फिरते. त्याने नळी जाते, रिसीव्हर वाचतो. माझ्या बाबतीत हेच केलं. फुगलेली नळी गमावून निरोगी रिसीव्हर वाचवण्यात मला काही वाईट वाटलं नाही.

नवी बसवणं

नळी बसवताना ती घट्ट तर व्हायला हवीच, शिवाय माशीची डोव्हटेल बरोबर माथ्यावर थांबायला हवी. म्हणून हाताने आवळल्यावर ती माथ्याच्या किंचित अलीकडे थांबावी आणि शेवटचा थोडा ओढा पान्याने द्यावा, अशी खांद्याची जुळणी करतात. माथा डोळ्यांनी ठरवत नाहीत. रिसीव्हरच्या सपाट बाजू आणि डोव्हटेलचा तळ यांवर पाणसळ किंवा डायल लावून बघतात. दोन अंश कलली तरी मागची माशी एका बाजूला ढकलावी लागते आणि ती चूक आयुष्यभर डोळ्यांत खुपते. नळीच्या मागच्या तोंडावर काडतूस ओढणाऱ्या आकड्यासाठी खाच असते, तीही माथ्यावरच यायला हवी.

त्यानंतर सगळ्यांत महत्त्वाचं, मागचं अंतर. थर्टी-थर्टी हे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं काडतूस आहे. ते कडेवर टेकून बसतं. त्या कडेची जाडी जास्तीत जास्त ०.०६३ इंच. बोल्टचा चेहरा आणि नळीवरची टेकण्याची जागा यांत तेवढी जागा हवी, आणि फार जास्त नको. ते पोलादी गेजने तपासतात. लहान गेजवर बोल्ट पूर्ण बंद होऊन मागचा कुलूप-ठोकळा पूर्ण वर यायला हवा, मोठ्या गेजवर बंद होता कामा नये. अनेकांचा समज असा की नवी नळी आली म्हणजे हे अंतर आपोआप नवं झालं. तसं नाही. या रायफलीत बोल्टच्या मागे उभा वर येणारा ठोकळा त्याला धरतो, आणि तो ठोकळा व त्याच्या खोबणी झिजलेल्या असतील तर नळी कितीही नवी असो, अंतर वाढलेलंच राहील. दुरुस्तीवाल्याला गेजचा आकडा लेखी मागा.

मग खोट्या काडतुसांनी चाल तपासायची. पुंगळीतून वर येतात का, चेंबरमध्ये सरळ जातात का, बाहेर फेकली जातात का. पन्नास वेळा.

पहिले बार

पहिले काही बार दुरुस्तीवाल्यानेच रायफल पट्ट्यात बांधून, दोरीने चाप ओढून केले. तुमचाही असंच करतो का ते विचारा. नंतर प्रत्येक रिकामं कवच बघा. प्रायमर कवचाच्या तळातून वर आलेला दिसला तर मागचं अंतर जास्त आहे. तळाच्या थोडं वर एक चकचकीत कडं दिसलं तर कवच ताणलं जातंय. दोन्हीपैकी एकही दिसलं तर थांबा आणि रायफल परत न्या.

रंगाबद्दल एकच सांगतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत विंचेस्टरच्या नळ्या संथ गंजाच्या पद्धतीने निळ्या केल्या जात. गरम क्षारांच्या टाकीची चकचकीत निळाई त्या काळच्या रायफलीवर परकी दिसते, आणि ते क्षार मऊ डाग-जोडही खातात. नवी नळी फारच कोरी वाटली तरी पहिलं वर्ष तशीच राहू द्या.

जुनी नळी फेकू नका, तडकलेली असली तरी. माझी मी तेलाच्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. तिला चिठ्ठी बांधली आहे: रिसीव्हरचा नंबर, काढल्याची तारीख, फुगवटा तोंडापासून किती इंचांवर ते, आणि गेजचा आकडा. रायफल विकली गेली तर ती नळी तिच्याबरोबरच जाईल. आणि वीस बारांनंतर पुढच्या पट्ट्याचा स्क्रू एकदा पुन्हा तपासा, तो हमखास पाव फेरा सैल झालेला असतो.